यंत्रांचा पत्रव्यवहार आणि माणसाची सही

हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ हे स्थान पिढ्यानपिढ्या ज्योतिर्लिंगासाठी ओळखले जाते. त्याच परिसरात आता ‘लायगो-इंडिया’ ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहावयाची आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्यासाठी २,६०० कोटी रुपयांच्या खर्चास संमती दिली आणि २०३० च्या सुमारास ती पूर्ण व्हावी असे योजिले आहे. परस्परांशी काटकोन करणाऱ्या तिच्या चार-चार किलोमीटर लांबीच्या भुजांविषयी बरेच लिहिले गेले आहे. तिचे दुसरे एक अंग मात्र सहसा चर्चेत येत नाही. ही वेधशाळा एकटी फारसे काही सांगू शकणार नाही. इतर यंत्रांना तिने धाडलेल्या आणि त्यांच्याकडून स्वीकारलेल्या निरोपांतच तिचे सामर्थ्य असणार आहे.

याचे कारण साधे आहे. गुरुत्वीय लहर एका वेधशाळेला आधी आणि दुसरीला काही सहस्रांश सेकंदांनी नंतर जाणवते. ती आकाशाच्या कोणत्या भागातून आली, हे मुख्यतः या फरकावरून ठरते. अमेरिकेतील दोन, इटलीतील एक आणि जपानमधील एक अशा वेधशाळांच्या मालिकेत हिंगोलीची भर पडली, की ती दिशा अधिक नेमकी कळेल. मग दुर्बिणींनी तेज मावळण्यापूर्वी तिकडे वळावयाचे. माणसाने पत्र लिहून कळविण्याइतका अवधी तेथे नसतो. म्हणून यंत्रच यंत्राला कळविते. ‘नासा’ने असे निरोप पोहोचविणारे जाळे १९९० च्या दशकातच उभारले होते.

या व्यवस्थेची खरी कसोटी १७ ऑगस्ट २०१७ रोजी लागली. भारतीय वेळेनुसार सायंकाळी ६ वाजून ११ मिनिटांनी, सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षे दूरच्या दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या मीलनाची लहर पृथ्वीवर पोहोचली. त्यानंतर अवघ्या १.७ सेकंदांनी ‘फर्मी’ उपग्रहाला गॅमा किरणांचा झोत दिसला आणि त्याची वार्ता आपोआप प्रसृत झाली. अमेरिकेतील हॅनफर्ड येथील नोंदींतही यंत्रणेने लहर ओळखली. लिव्हिंग्स्टनच्या उपकरणात मात्र ऐन वेळी एक क्षणिक खरखर उमटली होती. त्यामुळे तेथील लहर स्वयंचलित छाननीतून निसटली. यंत्रांच्या लेखी दोन वेधशाळांचे एकमत झालेच नव्हते. शास्त्रज्ञांनी स्वतः नोंदी तपासल्या, तेव्हा खरखरीआड तीच लहर स्पष्ट दिसली. पहिला निरोप सुमारे ४० मिनिटांनी गेला, तीन वेधशाळांच्या नोंदींवरून केलेला नकाशा सुमारे पाच तासांनी. आणि अकरा तासांच्या सुमारास चिलीतील एका दुर्बिणीने ‘एनजीसी ४९९३’ या दीर्घिकेत तो प्रकाश शोधून काढला.

निरोप त्वरेने पोहोचणे आणि तो खरा असणे या दोन भिन्न गोष्टी होत. खगोलशास्त्रज्ञांनी हे ओळखून २००६ साली ‘व्हीओइव्हेंट’ नावाचा निरोपाचा साचा प्रमाण ठरविला. कोणी कळविले, काय दिसले, कोठे व केव्हा, कोणत्या साधनाने आणि त्याचा अर्थ काय असावा, असे त्याचे रकाने आहेत. अर्थ लावताना तो कितपत संभवनीय आहे, हेही सांगता येते. पूर्वीच्या निरोपाचा संदर्भ देण्याची, तो अधिक्रमित करण्याची किंवा मागे घेण्याचीही सोय आहे. आवक-जावक नोंदवही सांभाळणाऱ्या आणि शुद्धिपत्रके काढणाऱ्या कोणत्याही लिपिकाला यात आपल्याच कार्यालयाची रीत दिसेल.

हा विषय आता आकाशापुरता उरलेला नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारे आणि सोपविलेले काम स्वतःच पायऱ्या ठरवून पार पाडणारे ‘एजंट’ आता एकमेकांशी पत्रव्यवहार करू लागले आहेत. एकाने अर्ज वाचावा, दुसऱ्याने कागदपत्रे पडताळावीत, तिसऱ्याने आदेशाचा मसुदा करावा, अशी ही विभागणी. एप्रिल २०२५ मध्ये ‘गूगल’ने त्यांच्यासाठी ‘एजंट-टू-एजंट’ हा संकेत जाहीर केला आणि जूनमध्ये तो ‘लिनक्स फाउंडेशन’कडे सोपविला. प्रत्येक एजंटाने आपल्याला कोणती कामे येतात हे सांगणारे ओळखपत्र द्यावे, दुसऱ्याने ते पाहून काम सोपवावे, असा त्याचा क्रम आहे. आपली अंतर्गत स्मृती किंवा विचारप्रक्रिया उघड करण्याचे बंधन मात्र एजंटावर नाही. हा टपालाचा करार झाला. मजकुराच्या सत्यतेची हमी त्यात नाही.

धोका नेमका येथेच आहे. पहिल्या एजंटाने ‘नाव बहुधा जुळत नाही’ असे कळवावे, दुसऱ्याने त्यातील ‘बहुधा’ गाळावे आणि तिसऱ्याने अर्ज फेटाळावा, हे सहज घडू शकते. निवृत्तिवेतनाच्या किंवा पीकविम्याच्या अर्जदाराने मग दाद कोणाकडे मागावी? चूक कोणत्या पायरीवर झाली हे सांगणारा कागदच नसेल, तर अपील कशाविरुद्ध करावयाचे?

माणसाच्या तपासणीने वेग मारला जाईल, असा आक्षेप घेतला जातो. त्याचे उत्तर गुरुत्वीय लहरींच्या क्षेत्रातच आहे. २०१९ पासून तेथे प्राथमिक सूचना यंत्राकडून तत्काळ व सर्वांना खुली अशी जाते. मागाहून शास्त्रज्ञ तिची तपासणी करून ती कायम करतात किंवा जाहीरपणे मागे घेतात. आजवर कित्येक सूचना मागे घेण्यात आल्या, आणि त्यात कोणी कमीपणा मानला नाही.

आकाशातील एक सूचना चुकली, तर दुर्बिणीची एक रात्र वाया जाते. कार्यालयातील चुकली, तर एखाद्या घराचे वर्ष. म्हणून कार्यालयात बसणाऱ्या यंत्रांना वेधशाळेहून सैल नियम लावणे न्याय्य नव्हे. त्यांचा प्रत्येक निरोप जतन व्हावा, तो अर्जदाराला मराठीत वाचता यावा, अंदाज हा अंदाज म्हणूनच पुढे जावा, आणि अंतिम आदेशाखाली उत्तर देण्यास बांधलेल्या माणसाची सही असावी. यंत्रांनी आपसांत खुशाल बोलावे. त्यांचे बोलणे माणसाला ऐकू येत राहिले पाहिजे.