आधी छत, मग एसी

मे अखेरच्या नवतपात विदर्भातल्या वरोऱ्यात रात्री अकराला एसी १८ अंशांवर लावूनही अंगाची लाही होते. दोष बहुतेकदा यंत्राचा नसतो, छताचा असतो. शरीराला फक्त हवा जाणवत नाही. छत, भिंती आणि फरशीतून येणारी अवरक्त किरणेही जाणवतात. खोलीत जाणवणारे तापमान म्हणजे ढोबळमानाने हवा आणि भोवतालचे पृष्ठभाग यांच्या तापमानांची सरासरी.

थंड देशांत याच गुणाचा उपयोग करतात. फरशीखालच्या नळ्यांतून कोमट पाणी फिरवले की हवा थोडी गार असली तरी ऊब वाटते. कोरियातल्या ‘ओंदोल’ पद्धतीत जमिनीखालून चुलीचा गरम धूर नेत. वरोऱ्याचा सिमेंटचा स्लॅब हेच काम करतो, पण डोक्यावरून आणि नको त्या ऋतूत. दिवसभर शोषलेली उष्णता खाली यायला काही तास लागतात. म्हणून ऊन उतरले तरी स्लॅब तापलेलाच राहतो.

अशा संथ वस्तुमानाशी थर्मोस्टॅटने झुंजणे महागात पडते. नळ्यांनी तापवलेल्या फरशीचा थर्मोस्टॅट तासाभरासाठी खाली आणला तर फारशी बचत होत नाही, कारण फरशी लवकर निवत नाही. स्लॅबचेही तसेच, त्याचा बंदोबस्त दिवसाच करावा लागतो. गच्चीला चुन्याचा पांढरा हात दिला की बरेचसे ऊन परतवले जाते.

एसीचे गणित मात्र लगेच फळते. उष्णता आत शिरण्याचा वेग आतबाहेरच्या तापमानांतील फरकावर ठरतो. बाहेर ४५ अंश असताना आत २० ठेवले तर फरक २५ अंशांचा, २६ ठेवले तर १९ अंशांचा. भिंतींतून येणारी उष्णता सुमारे चौथ्या हिश्श्याने घटते. ‘बंद करून पुन्हा लावला तर वीज जास्त जाते’ हा समजही याच हिशेबात टिकत नाही: घर तापू दिले की आत येणारी उष्णता कमी होत जाते. २०२० पासून नव्या एसींचे मूळ तापमान २४ अंश ठेवणे ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने बंधनकारक केले आहे. एक अंश वाढवला की सुमारे ६ टक्के वीज वाचते, असे ब्युरो सांगतो.

विदर्भाच्या कोरड्या मे महिन्यात कूलर एसीहून स्वस्त. लिटरभर पाण्याची वाफ होताना सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता शोषली जाते. पाऊस सुरू झाला, हवा दमट झाली की हा उपाय थकतो. एसीची खरी गरज तेव्हाची. पण डोक्यावर स्लॅब तापलेला असेल तर दोन्ही अपुरे पडतात. म्हणून पैसा खर्चायचा तर पहिला चुन्यावर.