कापराची पुरचुंडी आणि लशीची सुई

सोलापूर जिल्ह्यातल्या श्रीपूरच्या पट्ट्यात वर्षातून दोनदा गर्दी उसळते. आषाढीच्या तोंडावर संत तुकाराम महाराजांची पालखी अकलूज, माळीनगर, बोरगाव करत पंढरपूरकडं निघालेली असते. शाळा, मंदिरं, मंडप, घरांच्या पडव्या सगळं वारकऱ्यांनी भरून जातं. दुसरी गर्दी दिवाळीच्या आगेमागे, पांडुरंग सहकारी साखर कारखान्याचा गळीत हंगाम सुरू झाला की होते. ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात, कोप्या पडतात आणि एकेका कोपीत पाच-सहा जण थंडीचे महिने काढतात.

आता फ्लूचं वेळापत्रक पाहा. महाराष्ट्रात तो साधारण जुलै ते सप्टेंबर आणि पुन्हा जानेवारी ते मार्च या काळात चढतो. गर्दीमुळं साथ जन्माला येते असं नाही, पण आलेल्या साथीला इथं माणसं आयती मिळतात. तरीही लशीची चौकशी कधी होते? टीव्हीवर ‘स्वाईन फ्लूचा आणखी एक बळी’ अशी पट्टी फिरायला लागली की. बातमी ओसरली की चौकशीही ओसरते. फ्लूबद्दलचे आपले बहुतेक गैरसमज या उशिरा येणाऱ्या आणि लवकर जाणाऱ्या भीतीतून वाढलेले आहेत.

“स्वाईन फ्लू? तो तर कधीच गेला!”

3 ऑगस्ट 2009 रोजी पुण्यात 14 वर्षांची एक शाळकरी मुलगी दगावली. स्वाईन फ्लूचा देशातला तो पहिला मृत्यू. त्यानंतरचा पंधरवडा ज्यांनी पाहिला त्यांना तो आठवत असेल. पुण्यातल्या शाळा, चित्रपटगृहं, मॉल बंद झाले. नायडू रुग्णालयाबाहेर तपासणीसाठी रांगा लागल्या आणि मास्कच्या किमती आभाळाला भिडल्या. पुण्याहून गावी येणाऱ्या एसटीतल्या माणसाकडं लोक संशयानं बघायला लागले. कापूर आणि वेलदोड्याची पुरचुंडी रुमालात बांधून हुंगत राहायची, म्हणजे विषाणू जवळ येत नाही, हा उपाय महाराष्ट्रभर पसरला. किराणा दुकानात कापूर मिळेना.

कापरानं नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, एवढंच. विषाणूवर त्याचा काहीही परिणाम होत नाही. उलट लहान मुलाच्या पोटात कापराची वडी गेली तर झटके येऊ शकतात. ज्या घरात रांगतं मूल आहे तिथं ही पुरचुंडी फ्लूपेक्षा मोठा धोका ठरू शकते, हे त्या दिवसांत फारसं कुणी सांगितलं नाही.

जागतिक आरोग्य संघटनेनं ऑगस्ट 2010 मध्ये महासाथ संपल्याचं जाहीर केलं. त्याचा अर्थ विषाणू संपला असा लोकांनी घेतला. प्रत्यक्षात 2009 चा तो एच1एन1, म्हणजे स्वाईन फ्लूचा विषाणू, कुठंही गेला नाही. त्यानं आधीच्या जुन्या एच1एन1 ची जागा घेतली आणि तो नेहमीच्या हंगामी फ्लूपैकी एक होऊन बसला. 2015 मध्ये त्यानं पुन्हा डोकं वर काढलं, तेव्हा देशात सुमारे 3000 माणसं गेली आणि त्यांतली 900 च्या आसपास एकट्या महाराष्ट्रातली होती. 2009 इतका गाजावाजा मात्र त्या वर्षी झाला नाही.

“डुकराचं, कोंबडीचं खाल्लं की होतो”

नावानं घोळ घातला आहे. त्या विषाणूची काही जनुकं डुकरांतल्या फ्लूमधून आली होती म्हणून ते नाव पडलं. माणसाला तो माणसाकडूनच होतो, खोकल्या-शिंकेच्या तुषारांतून आणि त्या तुषारांनी माखलेल्या हातांतून. इजिप्तनं 2009 मध्ये देशातली सगळी डुकरं मारायचा हुकूम काढला, तरी फ्लू तिथं पोचलाच. आपल्याकडं 2006 मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लू निघाला. तिथं एकाही माणसाला लागण झाल्याचं सिद्ध झालं नाही, पण महाराष्ट्रातल्या कुक्कुटपालकांना मोठा फटका बसला. आजारी पक्षी हाताळणाऱ्याला धोका असतो. ताटातल्या नीट शिजवलेल्या रश्श्यातून धोका नसतो, कारण 70 अंशाच्या वर हा विषाणू टिकत नाही.

पावसात भिजणं, ताक, केळं, पेरू यांच्यामुळंही फ्लू होत नाही. आजारी माणसाजवळ गेल्यानं होतो.

“डॉक्टर, सुई द्या आणि एक सलाईन लावा”

ही मागणी खेड्यातल्या कुठल्याही दवाखान्यात दिवसातून अनेकदा ऐकू येते. ती पुरी केली नाही तर पेशंट शेजारच्या दवाखान्यात जातो, म्हणून डॉक्टरही ती पुरी करतात. खरं तर फ्लू विषाणूचा आजार आहे आणि प्रतिजैविकं जिवाणूंवर चालतात. मार्च 2023 मध्ये एच3एन2 या फ्लूच्या प्रकाराची साथ असताना इंडियन मेडिकल असोसिएशननं डॉक्टरांनाच जाहीर विनंती केली होती, की ताप-खोकल्याला सरसकट ॲझिथ्रोमायसिनसारखी औषधं लिहू नका. फ्लूपाठोपाठ जिवाणूंचा न्यूमोनिया झाला तर ती लागतात, पण ते डॉक्टरांनी छाती तपासून ठरवायचं असतं. मेडिकलच्या काउंटरवर ते ठरत नाही. आणि तोंडानं पेज, पाणी, सरबत जात असेल तर सलाईनची बाटली म्हणजे महागडं मीठ-पाणीच.

फ्लूवर चालणारं औषध वेगळं आहे: ऑसेल्टामिव्हिर, लोक ज्याला टॅमिफ्लू म्हणतात. ते लक्षणं सुरू झाल्यापासून 48 तासांच्या आत सुरू केलं तर सर्वाधिक उपयोगी पडतं. इथंच खेड्यातला माणूस मार खातो. पहिले दोन दिवस अंगावर काढायचे, तिसऱ्या दिवशी सुई घ्यायची, पाचव्या दिवशी धाप लागली की गाडी शोधायची, ही ठरलेली वाट आहे.

घशाची तपासणी प्रत्येकाची करावी लागत नाही. सरकारी नियमावलीत रुग्णांचे अ, ब, क असे गट आहेत. साधा ताप, खोकला, घसादुखी म्हणजे अ. घरी आराम करायचा, दुसऱ्यांपासून लांब राहायचं, तपासणी नाही. तीच लक्षणं जास्त जोरात असतील, किंवा ती गरोदर बाईला, मधुमेह्याला, दमेकऱ्याला, 65 च्या पुढच्या माणसाला किंवा लहान बाळाला असतील तर ब. डॉक्टर तपासणीच्या अहवालासाठी न थांबता टॅमिफ्लू सुरू करू शकतात. धाप, छातीत दुखणं, थुंकीतून रक्त, ओठ-नखं निळी पडणं, ग्लानी यातलं काहीही दिसलं तर क. तिथं तपासणीही करायची आणि लगेच भरतीही व्हायचं.

“लस घेतली आणि त्याच रात्री ताप आला”

येतो कधी कधी. दंड दुखतो, अंग मोडून येतं, एक-दोन दिवसांत उतरतं. पण तो फ्लू नसतो, कारण आज सर्रास दिल्या जाणाऱ्या सुईच्या लशीत जिवंत विषाणूच नसतो. मारलेल्या विषाणूचे तुकडे असतात, त्यांच्यापासून आजार होऊ शकत नाही. या समजाला एक जुना धागा आहे. 2010 मध्ये पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनं आणलेली नेझोव्हॅक ही नाकात फवारायची लस होती आणि तिच्यात दुबळा केलेला जिवंत विषाणू होता, म्हणून ती गरोदर बायकांना देत नसत. सुईची लस गरोदरपणात चालते. नुसती चालते असं नाही, तर घ्यावी असं सांगितलं जातं. कारण सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला फ्लूची लस देता येत नाही, त्याला संरक्षण मिळतं ते आईकडूनच.

या समजाचं दुसरं कारण साधं आहे. लशीचा परिणाम दिसायला साधारण दोन आठवडे लागतात. साथ गावात शिरल्यावर लस घेतली आणि त्याच आठवड्यात फ्लू झाला, तर नाव लशीचं होतं. 2010 मध्येही लस आली तोवर पहिली मोठी लाट येऊन गेली होती. परदेशातून आणलेली पहिली लस आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी राखून ठेवली होती, आणि त्यांच्यातल्याच अनेकांनी ती टाळली. दवाखान्यातली माणसं मागं सरतात तेव्हा गावानं पुढं यावं ही अपेक्षा जरा जास्तच म्हणायची.

लस शंभर टक्के वाचवत नाही, हे मात्र खरं आहे आणि ते लपवायचं कारण नाही. विषाणूशी जुळणी चांगली झाली त्या वर्षी दवाखान्यात जायला लावणारा फ्लू साधारण 40 ते 60 टक्क्यांनी कमी होतो. जुळणी चुकली तर त्याहून कमी. लस कुठल्या विषाणूंसाठी आहे ते तिच्या खोक्यावर बारीक अक्षरांत छापलेलं असतं, ते एकदा वाचून बघा. ‘ए/कॅलिफोर्निया/7/2009’ अशा धर्तीची नावं दिसतात: विषाणूचा प्रकार, तो जिथं सापडला ते ठिकाण, नमुन्याचा क्रमांक आणि साल. हे कॅलिफोर्नियाचं नाव बरीच वर्षं खोक्यांवर होतं, पुढं त्याची जागा ‘मिशिगन/45/2015’ नं घेतली. जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत आणि सप्टेंबरमध्ये, ही यादी ठरवते, कारण विषाणू आपलं वरचं रूप बदलत राहतो. त्यात लशीचा जोरही वर्षभरात ओसरतो. ‘मागं एकदा घेतली होती’ याला म्हणून अर्थ उरत नाही. खोक्यावर हंगामाचं सालही असतं. गेल्या हंगामाची लस कुणी स्वस्तात देत असेल तर घेऊ नका.

“लकवा होतो, हार्ट अटॅक येतो”

जानेवारी 2025 मध्ये पुण्यात जीबीएसची, म्हणजे गुईलेन-बॅरे सिंड्रोमची साथ आली. त्यातला पहिला संशयित मृत्यू सोलापुरात नोंदला गेला, तेव्हापासून हे नाव आपल्या जिल्ह्यात घरोघरी पोचलं. हातापायांतली ताकद घालवणारा हा आजार लशीमुळं होतो, असं तेव्हा ठामपणे सांगणारे भेटले. पुण्यातली ती साथ दूषित पाण्याशी आणि त्यातल्या कॅम्पिलोबॅक्टर जिवाणूशी जोडली गेली होती. लशीचा संबंध नव्हता.

पण ही भीती हवेतून आलेली नाही. 1976 मध्ये अमेरिकेनं स्वाईन फ्लूच्या धास्तीनं 4 कोटींहून अधिक लोकांना घाईघाईनं लस टोचली. साथ आलीच नाही, आणि लस घेतलेल्या दर लाखामागं जीबीएसचा साधारण एक जादा रुग्ण निघाला. मोहीम थांबवावी लागली. आजच्या लशींत हा जादा धोका दहा लाखांत एक-दोन इतका मोजला जातो, आणि खुद्द फ्लू झाल्यानंतर जीबीएस होण्याची शक्यता त्याहून जास्त असते.

हृदयाचंही असंच आहे. कोविडनंतर तरणी माणसं अचानक गेल्याच्या बातम्यांनी सगळ्याच लशींवरचा भरवसा हलला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं 47 रुग्णालयांच्या मदतीनं 18 ते 45 वयोगटातल्या अशा मृत्यूंचा अभ्यास केला आणि कोविड लशीमुळं धोका वाढल्याचं त्यात आढळलं नाही. फ्लूचं म्हणाल तर कॅनडातल्या 2018 च्या अभ्यासात फ्लू झाल्यानंतरच्या पहिल्या सात दिवसांत हृदयविकाराचा झटका येण्याचं प्रमाण सहापट दिसलं. ज्याला झटक्याची भीती वाटते त्यानं लस टाळण्यापेक्षा फ्लू टाळावा.

“लशीत अंडं असतं म्हणे”

माळकऱ्यांच्या भागात हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये. खरं उत्तर असं: फ्लूच्या बहुतेक लशींचा विषाणू कोंबडीच्या अंड्यात वाढवतात, मग तो मारून शुद्ध करतात, आणि लशीत अंड्यातल्या प्रथिनाचा अगदी सूक्ष्म अंश राहू शकतो. अंड्याविना, पेशींमध्ये वाढवलेल्या लशीही जगात निघाल्या आहेत. ज्याच्या गळ्यात माळ आहे त्याला हे सगळं सांगावं आणि निर्णय त्याच्यावर सोडावा. ‘काही नसतं हो त्यात’ असं थापून टोचलं आणि नंतर कळलं, तर तो पुन्हा कुठल्याच लशीला दंड पुढं करणार नाही. अंड्याची ॲलर्जी असणाऱ्यांबाबतही पूर्वीचा कडक पवित्रा आता बराच सैलावला आहे.

“धडधाकट माणसाला काय होतंय?”

बहुतेकांना काही होत नाही, हे बरोबर. पण 1918 मधल्या फ्लूच्या साथीनं मुंबई इलाख्यात जी माणसं नेली त्यांत वीस ते चाळीस वयाची, कमावती माणसं फार होती. 2009 मध्येही तरुणांना झळ बसली. आणि धडधाकट माणूस लक्षणं दिसायच्या एक दिवस आधीपासूनच फ्लू वाटायला लागतो. पालखीला पाणी देणारा पोरगा घरी परततो, तिथं मधुमेह असलेली आजी असते.

फ्लूची लस राष्ट्रीय लसीकरणाच्या यादीत नाही. खासगीत तिला दीड-दोन हजारांच्या घरात पैसे पडतात आणि ऊसतोड कुटुंबाला ते परवडणारे नाहीत. पण महाराष्ट्र सरकार 2015 पासून जोखमीच्या गटांना ती सरकारी केंद्रांतून मोफत देत आलं आहे: चौथ्या महिन्यापुढच्या गरोदर बायका, मधुमेह आणि रक्तदाबाचे रुग्ण, आरोग्य कर्मचारी. साठा नेहमी असतोच असं नाही, म्हणून मागणी आधी नोंदवावी लागते. तुमच्या घरात यातलं कुणी असेल तर मे महिन्यातच आशाताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा. पालखी अकलूजला पोचल्यावर विचारून उपयोग नाही. आणि साथीच्या दिवसांत कुणाला धाप लागली, तर सुई-सलाईनच्या फंदात न पडता थेट अकलूज किंवा पंढरपूरचं उपजिल्हा रुग्णालय गाठा. सोलापूरचं सिव्हिल इथून शंभरेक किलोमीटर आहे, तिथं जायची वेळ येईपर्यंत थांबू नका.