जुनं शहर घेताना

जुन्या शहरांची छापील चित्रं जमवण्याची हौस आहे ना तुम्हांला? मग घेताना भिंग जवळ ठेवा. ॲमस्टरडॅमच्या योआन ब्लाउने १६४९च्या सुमारास नेदरलँड्सच्या शहरांचे दोन ग्रंथ काढले. गल्ल्या, कालवे, चर्च, सगळं उंचावरून पाहिल्यासारखं! हे तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापत, म्हणून चित्राभोवती पत्र्याच्या कडेचा दाब उमटतो. बोट फिरवून पाहा. भिंगातून रंगीत ठिपके दिसले, तर ती अलीकडची नक्कल. पाठीमागे मजकूर असला तर बिचकू नका. पान ग्रंथातलं असल्याचीच ती खूण. पण त्यासाठी कुणी आख्खा ग्रंथ सुटा केला, हे मला बाई खुपतंच. १६७२मध्ये ब्लाउच्या छापखान्याला आग लागली, पुष्कळ पत्रे गेले. तेव्हा हाती आलेलं पान जपा. फ्रेमवाल्याला सांगा, पुठ्ठ्याला डिंकाने चिकटवायचं नाही! आणि उन्हाच्या भिंतीवर तर मुळीच टांगू नका.