परिषदेस वक्ते कसे मिळतात

इ. स. १९९१ च्या डिसेंबरांत अमेरिकेंतील सॅन अँटोनिओ शहरीं 'हायपरटेक्स्ट' या विषयाची विद्वत्परिषद भरली होती. एका मजकुरांतून दुसऱ्या मजकुराकडे वाचकास तत्क्षणीं नेणारी जी लेखनपद्धति, ती हायपरटेक्स्ट. या परिषदेकडे टिम बर्नर्स-ली व रॉबर्ट कायो या दोघांनीं एक निबंध पाठविला होता. विषय होता त्यांचें 'वर्ल्ड वाइड वेब.' परीक्षकांनीं निबंध नाकारला. यंत्र मांडून प्रात्यक्षिक दाखविण्याची तेवढी परवानगी दिली. ज्या जाळ्यावर आज जगाचें वाचन, व्यापार आणि पत्रव्यवहार चालतो, त्याच्या जनकांना त्या शास्त्राच्या जाणत्यांनींच व्यासपीठ दिलें नाहीं! पुढें १९९४ च्या मे महिन्यांत जिनीव्हाजवळील सर्न संस्थेंत वेबची स्वतःची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तेव्हां सुमारें ४०० माणसें जमलीं. सॅन अँटोनिओचे परीक्षक मूर्ख होते असें मात्र समजूं नये. चार कागदांवरून कामाची पारख करणें ही गोष्टच जोखमीची आहे.

हीच जोखीम वेबवरील मजकुराच्या व्यवस्थेसंबंधीं परिषदा भरविणारांना आजही पत्करावी लागते. ही व्यवस्था म्हणजे काय, तें छापखान्याच्या दाखल्यानें सहज कळेल. लेखक लेख लिहितो, संपादक तपासतो, जुळारी खिळे जुळवितो, आणि पानाचा सांचा ठरलेला असतो. संकेतस्थळाचीं पानें आरंभीं एकच मनुष्य एकेक करून हातानें रचीत असे. आतां लेखन, तपासणी आणि पानाची मांडणी हीं कामें वेगवेगळीं करून देणाऱ्या प्रणाली निघाल्या आहेत. त्यांपैकीं 'वर्डप्रेस' २००३ सालीं प्रसिद्ध झाली व जगांतील दर १०० संकेतस्थळांपैकीं ४० हून अधिक तिच्यावर चालतात. तिच्या उपासकांचा पहिला मेळावा, 'वर्डकँप', २००६ सालीं सॅन फ्रान्सिस्को येथें भरला. पुढें पुणें व मुंबई येथेंही असे मेळावे झाले.

आपल्याकडील व्याख्यानमालेचे चिटणीस नामांकित वक्त्यास पत्र लिहितात, हार-तुऱ्यांची सोय करतात, आणि त्यांचें काम संपतें. वर्डकँपची रीत निराळी. तेथें सर्वांस खुलें आवाहन केलें जातें: ज्यास कांहीं सांगावयाचें असेल त्यानें विषय, त्याचा थोडक्यांत सारांश, श्रोते कोण असावेत आणि स्वतःची ओळख इतकें लिहून पाठवावें. बोलण्याबद्दल मानधन नाहीं. ही रीत पडण्याचें कारण उघड आहे. या धंद्यांतील खरी माहिती नामांकितांपाशींच असते असें नाहीं. एखाद्या मराठी नियतकालिकाचे जुने अंक निरनिराळ्या फाँटांत अडकलेले असतात. ते युनिकोडांत आणतांना जोडाक्षरें कोठें मोडतात, काना-मात्रा कोठें गळतात, हें तें काम रात्री जागून करणारासच ठाऊक. पण नेमका तोच मनुष्य 'मी कोण मोठा तज्ज्ञ?' म्हणून अर्ज करीत नाहीं. उलट ज्यास आपला माल खपवावयाचा आहे, तो पांच-पांच अर्ज करतो. आवाहन कितीही खुलें असलें तरी तें ज्याच्यासाठीं असतें त्यालाच तें आपल्यासाठीं आहे असें वाटत नाहीं, ही यांतली खरी अडचण.

तिच्यावर चालकांनीं कांहीं उपाय काढले आहेत. आवाहनांतच 'प्रथम बोलणारांचें स्वागत' असें स्पष्ट लिहितात. नवख्यांना विषय सुचविण्यासाठीं व सारांश लिहून पाहण्यासाठीं वर्ग घेतात. कित्येक ठिकाणीं पहिल्या फेरींत नांवें झांकून केवळ सारांश वाचतात. हा शेवटचा उपाय न्यायाचा खरा, पण पुरता नव्हे. नांव झांकलें तरी सफाईदार इंग्रजी झांकतां येत नाहीं, आणि सुबक सारांश लिहिणारा बोलावयास उभा राहिला कीं अडखळतो, हाही अनुभव आहे. म्हणून शहाणे चालक अर्जांची वाट पाहत बसत नाहींत; काम करणारांस स्वतः गांठून 'आपण अवश्य लिहा' असें सांगतात. नाकारलेल्यांस दोन ओळींचें कारण कळविणें हेंही त्यांचें कर्तव्य होय. तें बहुधा राहून जातें.

आवाहन कित्येक महिने आधीं काढावें लागतें, कारण परदेशचा वक्ता बहुधा पदरच्या पैशानें येतो व त्यास प्रवासाचे परवानेही काढावे लागतात. आशियाचा पहिला वर्डकँप फेब्रुवारी २०२० मध्यें बँकॉक येथें व्हावयाचा होता. वक्ते निवडले गेले होते, आणि करोनाच्या सांथीमुळें थोडेच दिवस उरले असतां तो रद्द झाला. तो भरण्यास २०२३ साल उजाडावें लागलें. पुढील मेळावे तैपे व मनिला येथें झाले, आणि २०२६ च्या एप्रिलासाठीं मुंबईची निवड झाली.