बोलणारा संगणक, गाणारे घर

संगणकाचा पडदा पूर्णपणे बंद ठेवून त्यावर गाणे ध्वनिमुद्रित करता येते, असे सांगितले तर डोळस माणसाचा त्यावर सहजासहजी विश्वास बसत नाही. जगातील अनेक दृष्टिहीन कलावंतांच्या घरी मात्र ही आता रोजची गोष्ट झाली आहे. टेबलावर कळफलक, शेजारी मायक्रोफोन, कानाला हेडफोन आणि समोर काळोखा पडदा. पडदा काळोखा आहे म्हणून तेथे कोणाचे काही अडत नाही. कारण पडद्यावर जे उमटायचे ते सारे संगणक बोलून दाखवीत असतो. त्या बोलण्याचा धागा धरून गायक आपला स्वर मुद्रित करतो, चुकलेली ओळ कापून टाकतो, तबल्याचा आवाज किंचित उतरवतो आणि पूर्ण झालेले गाणे श्रोत्यांच्या स्वाधीन करतो.

हे साध्य होण्यास मोठा काळ जावा लागला. यातील अडचण संगीताची कधीच नव्हती. स्वर आणि लय यांची पारख करण्यासाठी हवा असतो तो कान, आणि तो या कलावंतांपाशी होताच. अडचण होती यंत्राची. अधिक नेमकेपणाने सांगायचे, तर यंत्रावरील खुणा वाचण्याची.

ठिपक्यांपासून फितीपर्यंत

दृष्टिहीनांची लिपी आणि संगीत यांचे नाते आरंभापासूनचे आहे. लुई ब्रेल यांनी १८२९ मध्ये आपली लिपी प्रथम प्रसिद्ध केली, तेव्हा त्या पुस्तकाच्या शीर्षकातच शब्दांबरोबर संगीत लिहिण्याच्या पद्धतीचा उल्लेख होता. ब्रेल स्वतः पॅरिसमधील चर्चमध्ये ऑर्गन वाजवीत असत. आपण वाजवतो ते लिहिता यावे आणि दुसऱ्याने लिहिलेले आपल्याला वाचता यावे, ही एका वादकाची गरज त्या ठिपक्यांमागे होती.

महाराष्ट्रालाही या नात्याची ओळख आहे. कुरुंदवाड येथे जन्मलेल्या विष्णु दिगंबर पलुस्कर यांच्या डोळ्यांना लहानपणी फटाक्यामुळे गंभीर इजा झाली. पुढे मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्याकडे त्यांनी गायनविद्या संपादन केली आणि १९०१ मध्ये लाहोर येथे गांधर्व महाविद्यालयाची स्थापना केली. संगीत कागदावर उतरवण्यासाठी त्यांनी स्वतःची स्वरलेखन पद्धतीही सिद्ध केली. जन्मापासून दृष्टिहीन असलेले रवींद्र जैन यांनी हिंदी चित्रपटांना आणि १९८७ मध्ये सुरू झालेल्या ‘रामायण’ मालिकेला दिलेले संगीत तर घराघरांत पोहोचले. परंतु चित्रपटाच्या ध्वनिमुद्रणासाठी मोठा स्टुडिओ, वादकांचा ताफा आणि यंत्रांपाशी बसलेला ध्वनिमुद्रक अशी सारी व्यवस्था असते. आपल्या खोलीत एकट्याने रियाज करणाऱ्या सामान्य कलावंताला ते बळ कोठून मिळणार?

फितीच्या काळात त्याला एक वाट सापडली होती. १९७९ मध्ये टीअॅक कंपनीने ‘पोर्टास्टुडिओ’ नावाचे यंत्र बाजारात आणले. साध्या कॅसेटवर चार स्वतंत्र मार्गिकांमध्ये आवाज मुद्रित करण्याची सोय त्यात होती. एका मार्गिकेवर तानपुरा, दुसरीवर तबला, तिसरीवर गळा, असे थर एकावर एक चढवता येत. या यंत्राची सारी बटणे, खुंट्या आणि सरकत्या पट्ट्या हाताला लागत. चार दिवसांच्या सरावाने बोटांना यंत्राचा नकाशा पाठ होई आणि मग डोळ्यांची उणीव जाणवत नसे.

पडद्याने लावलेले दार

संगणकानेही प्रथम दृष्टिहीनांना मैत्रीचाच हात दिला होता. १९७६ मध्ये रे कर्झवाइल यांनी छापील मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारे यंत्र तयार केले. त्याच्या पहिल्या ग्राहकांत दृष्टिहीन अमेरिकन गायक स्टीव्ही वंडर होते. पुस्तके वाचणाऱ्या यंत्रामुळे जुळलेली ही मैत्री पुढे संगीताकडे वळली. संगणकाची लवचीकता आणि खऱ्या वाद्यांचा नाद यांचा मेळ घालता येईल का, असा विषय वंडर यांनी १९८२ मध्ये काढला आणि त्यातून १९८४ मध्ये ‘कर्झवाइल २५०’ हे संगीतवाद्य जन्माला आले.

त्यानंतर मात्र संगणकाचे रूप पालटले. अक्षरांच्या जागी चित्रे आली, कळफलकाच्या जोडीला माउस आला. ध्वनिमुद्रणाच्या संगणकप्रणालींमध्ये आवाज लहरींच्या आकृतीच्या रूपाने दिसू लागला आणि तो कापणे-जोडणे हे डोळ्यांनी पाहून करण्याचे काम झाले. पूर्वी हाताला लागणारी खुंटी आता काचेवरचे चित्र बनली. डोळसांसाठी जी प्रगती होती, तिने दृष्टिहीनांच्या बोटांखालचा नकाशाच काढून घेतला.

या बंद दाराला ज्या किल्लीने उघडले, तिचे नाव स्क्रीन रीडर. पडद्यावरील मजकूर, सूचना आणि बटणांची नावे कृत्रिम आवाजात वाचून दाखवणारी ही संगणकप्रणाली होय. अपघातात दृष्टी गमावलेले मोटरसायकल शर्यतपटू टेड हेंटर यांच्या कंपनीने १९८९ मध्ये ‘जॉज’ ही प्रणाली आणली. चित्रमय पडदा वाचणारी ‘आउटस्पोकन’ ही प्रणाली मॅकिन्टॉश संगणकासाठी त्याच वर्षी आली. पुढे पेनसिल्व्हेनियातील बिल मॅककॅन या दृष्टिहीन संगीतकाराच्या ‘डान्सिंग डॉट्स’ या संस्थेने ‘जॉज’च्या साहाय्याने ‘सोनार’ ही ध्वनिमुद्रण प्रणाली हाताळता यावी, अशी सोय करून दिली.

तरीही पायाखालची जमीन स्थिर नव्हती. २००१ मध्ये मॅकिन्टॉशची कार्यप्रणाली मुळापासून बदलली आणि जुना वाचक नव्या संगणकावर निरुपयोगी ठरला. ‘व्हॉइसओव्हर’ हा अंगभूत वाचक २००५ मध्ये आला. मधल्या काळात ज्यांचा व्यवसायच ध्वनिमुद्रणाचा होता, त्यांना जुना संगणक जिवापाड जपण्यावाचून गत्यंतर नव्हते. कौशल्य तेच, कान तोच. केवळ यंत्र बोलेनासे झाले म्हणून हातचे काम जाण्याची वेळ यावी, ही परावलंबनाची बोचरी जाणीव होती.

संगीत शिबिरातील मैत्री

ऑस्ट्रेलियात दृष्टिहीन मुलांसाठी भरलेल्या एका संगीत शिबिरात मायकेल करन आणि जेम्स तेह या दोन मुलांची ओळख झाली. दोघेही दृष्टिहीन, दोघांनाही संगीताची आणि संगणकाची ओढ. मोठेपणी त्यांच्या ध्यानात आले, की बाजारातील स्क्रीन रीडरची किंमत कित्येकदा संगणकाच्या किमतीहूनही अधिक असते. डोळस माणसाला पडद्यासाठी वेगळे मूल्य मोजावे लागत नाही. मग दृष्टिहीनाने तो ऐकण्यासाठी का मोजावे? २००६ मध्ये करन यांनी ‘एनव्हीडीए’ या विनामूल्य स्क्रीन रीडरची निर्मिती आरंभली, तेह त्यांना येऊन मिळाले आणि २००७ मध्ये त्यासाठी ‘एनव्ही अॅक्सेस’ ही संस्था उभी राहिली. आज ही प्रणाली जगभर वापरली जाते. तिच्यासोबत मिळणारा कृत्रिम आवाज मराठी मजकूरही वाचू शकतो.

त्याच सुमारास जस्टिन फ्रँकेल यांची ‘रीपर’ ही ध्वनिमुद्रण प्रणाली आली. आकाराने आटोपशीर, वैयक्तिक वापरासाठी ६० डॉलर एवढ्या किमतीची आणि वापरणाऱ्याला हवी तशी वळवता येणारी. तिला दृष्टिहीनांसाठी बोलते करण्याचे काम पुन्हा जेम्स तेह यांनीच अंगावर घेतले. त्यांनी आरंभलेल्या या विनामूल्य जोडप्रणालीचे नाव ‘ओसारा’. मराठी कानाला घराच्या ओसरीची आठवण करून देणारे हे नाव योगायोगाने सार्थही ठरले आहे. बाहेरचा माणूस घरात येताना प्रथम ओसरीवर टेकतो. दृष्टिहीन कलावंतही ध्वनिमुद्रणाच्या घरात याच ओसरीवरून प्रवेश करतो.

एका गाण्याचा प्रवास

हे काम प्रत्यक्षात चालते तरी कसे? गायक दोन कळा एकत्र दाबून नवी मार्गिका उघडतो आणि तिला ‘तानपुरा’ असे नाव देतो. त्याखाली ‘तबला’, त्याखाली ‘गायन’. वर-खाली जाणाऱ्या बाणांच्या कळांनी तो एका मार्गिकेवरून दुसरीवर जातो आणि संगणक प्रत्येकीचे नाव उच्चारतो. कोणती मार्गिका मुद्रणासाठी सज्ज आहे, कोणती बंद ठेवली आहे, हेही सांगतो.

येथे एक पेच असतो. संगणकाचे बोलणे आणि गाणे ही दोन्ही कानांनीच ऐकायची. संगणकाचा आवाज मायक्रोफोनमध्ये शिरला तर मुद्रण वाया जाते. म्हणून हेडफोन अपरिहार्य ठरतो. अनेकजण बोलण्यासाठी एक आणि संगीतासाठी दुसरे ध्वनी उपकरण जोडतात. सरावाने संगणकाच्या बोलण्याचा वेग इतका वाढवलेला असतो, की नवख्याला त्यातील एक शब्दही उमगू नये.

आवाज मर्यादेबाहेर गेला तर डोळसाला पडद्यावर लाल रंग दिसतो. ‘ओसारा’मध्ये मर्यादा ठरवून दिली, की ती ओलांडली जाताच संगणक तसे सांगतो. आवाज किती डेसिबल चढवला वा उतरवला, तो आकडाही ऐकू येतो. आलापात एखादी जागा विशेष जमली तर एक कळ दाबून तेथे खूण करता येते. एखादा स्वर घसरला तर नेमक्या क्षणी थांबून मुद्रण दुभंगता येते आणि तेवढाच भाग नव्याने गाता येतो. लहरींची आकृती पाहून काप देणारा डोळस मनुष्य आणि कानाने तोलून काप देणारा दृष्टिहीन मनुष्य एकाच ठिकाणी पोहोचतात. अखेरीस निर्णय दोघांनाही कानानेच द्यायचा असतो.

भ्रमणध्वनीनेही या कामी हातभार लावला. २००९ मध्ये आयफोनवर ‘व्हॉइसओव्हर’ आल्यापासून काचेचा सपाट पडदाही बोटाखाली बोलू लागला. बोट ठेवताच खुंटीचे नाव आणि तिचे मूल्य सांगणारे संगीत-कळफलकही आता उपलब्ध आहेत.

निनावी बटण

सारे मार्ग निष्कंटक झाले आहेत, असे मात्र नाही. प्रणाली घडवणाऱ्याने बटणावर सुंदर चित्र काढले, पण त्याला नाव देण्याचे राहून गेले, तर स्क्रीन रीडर केवळ ‘बटण’ एवढेच उच्चारतो. अशी दहा-बारा निनावी बटणे ओळीने आली, की कुशल कलावंतही हतबल होतो. आवाजाला घुमारा देणाऱ्या वा वाद्यांचे नाद पुरवणाऱ्या पूरक प्रणालींमध्ये हा दोष वारंवार आढळतो. कधी नवी आवृत्ती येते आणि काल बोलणारे बटण आज मुके होते. अशा वेळी ‘ओसारा’ त्या प्रणालीतील नियंत्रणांची नावे आणि मूल्ये यादीच्या रूपाने मांडून काही प्रमाणात वाट काढून देते.

दुसरा अडसर भाषेचा. संगणक मराठी वाचू शकत असला, तरी ध्वनिमुद्रणाच्या प्रणालींमधील आज्ञा बहुतांशी इंग्रजीत असतात. ग्रामीण भागातील भजनी मंडळात वाढलेल्या गुणी गायकाला त्या आत्मसात करण्यासाठी कोणीतरी शेजारी बसून शिकवणारा हवा. मुंबईत १९५२ पासून कार्यरत असलेली नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड आणि सेंट झेवियर्स महाविद्यालयात २००३ मध्ये सुरू झालेले दृष्टिबाधितांसाठीचे साहाय्य केंद्र, अशा संस्थांमुळे दृष्टिहीनांना संगणकाची वाट मोकळी झाली आहे. त्या वाटेवर संगीताचाही मुक्काम असावयास हवा. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांसंबंधीच्या २०१६ च्या कायद्यानेही माहिती व संवादाची साधने सर्वांना वापरता येण्याजोगी असावीत, हे तत्त्व मान्य केले आहे.

स्वावलंबनाचा हिशेब

या साऱ्याचे मोल पैशांत मोजायचे झाले तर हिशेब सोपा आहे. स्टुडिओचे भाडे तासावर आकारले जाते. गाणे मनासारखे उतरेपर्यंत घड्याळ थांबत नाही. शिवाय ये-जा करण्यासाठी सोबतीची आवश्यकता असते. घरी एकदा साधनांवर खर्च केला, की पहाटेच्या शांततेत एकच ओळ वीस वेळा गाऊन पाहता येते. जाहिरातीची धून, भक्तिगीत, नाटकाचे पार्श्वसंगीत, दूरस्थ विद्यार्थ्यांसाठी धडे अशी कामे घरबसल्या स्वीकारता येतात. त्यांचा मोबदला खात्यात जमा झाला का, हेही तोच स्क्रीन रीडर बँकेच्या संकेतस्थळावरून वाचून दाखवतो. शिल्लक विचारण्यासाठी दुसऱ्याच्या डोळ्यांची याचना करावी लागत नाही.

परंतु या हिशेबात न मावणारी एक गोष्ट उरतेच. दुसऱ्याने यंत्र चालवायचे आणि कलावंताने फक्त गायचे, या व्यवस्थेत ‘पुन्हा एकदा घेऊ या’ असे म्हणताना भीड पडते. समोरचा कंटाळला असेल, या विचाराने पुरेसे न जमलेले मुद्रणही ‘ठीक आहे’ म्हणून स्वीकारले जाते. घरच्या खोलीत ही भीड नसते. कोणता स्वर ठेवायचा आणि कोणता पुसायचा, हे ठरवण्याचा अधिकार सर्वस्वी गाणाऱ्याचा असतो.

ब्रेल यांना संगीत लिहायचे होते, म्हणून त्यांच्या ठिपक्यांत स्वरही सामावले. शिबिरात भेटलेल्या दोन मुलांना संगणक आपला हवा होता, म्हणून तो बोलू लागला. उरलेले काम तुलनेने लहान आहे आणि ते प्रणाली घडवणाऱ्या डोळस हातांचे आहे: प्रत्येक बटणाला एक नाव देणे. तेवढे झाले, की पुढचे काम करायला बंद पडद्यासमोर बसलेला तो गायक समर्थ आहे.