बहुस्तरीय पूर्ववत क्रिया

बहुस्तरीय पूर्ववत क्रिया ही मजकूर संपादकांतील एक सोय असून तिच्या साहाय्याने मजकुरात केलेले अनेक बदल एकामागून एक, उलट्या क्रमाने रद्द करता येतात. रद्द केलेला बदल परत लागू करण्यास 'पुन्हा करणे' म्हणतात. विंडोज संगणकांवर त्यांसाठी बहुधा अनुक्रमे कंट्रोल-झेड व कंट्रोल-वाय या कळी वापरल्या जातात.

इतिहास

बिल जॉय यांनी १९७६ मध्ये लिहिलेल्या 'व्हीआय' या संपादकात केवळ शेवटचा बदल रद्द होत असे. तीच कळ पुन्हा दाबल्यास तो परत लागू होई. विंडोजमधील नोटपॅडमध्येही दीर्घकाळ अशीच मर्यादा होती. विंडोज ११ मधील नव्या आवृत्तीत ती दूर झाली.

कार्यपद्धती

संपादक प्रत्येक बदलाची नोंद एका चळतीत ठेवतो. पूर्ववत करताना सर्वांत वरची नोंद काढून ती 'पुन्हा करणे' या दुसऱ्या चळतीवर ठेवली जाते. 'राजा' या शब्दात युनिकोडनुसार चार वर्ण आहेत. प्रत्येकाची वेगळी नोंद टाळण्यासाठी अनेक संपादक सलग टंकलेला मजकूर एकाच नोंदीत धरतात.

उदाहरण

'पिंपळगाव राजा हे बुलढाणा जिल्ह्यातील गाव आहे' या वाक्यातून प्रथम 'राजा' हा शब्द चुकून वगळला गेला आणि नंतर 'खामगाव तालुक्यातील' हे शब्द जोडले, असे समजू. 'राजा' परत आणण्यासाठी आधी नंतरची भर रद्द करावी लागते. त्यानंतर एकही नवे अक्षर टंकल्यास दुसरी चळत रिकामी होते व ती भर 'पुन्हा करणे' वापरून परत मिळत नाही. म्हणून पूर्ववत करण्यापूर्वी नवा मजकूर अन्यत्र उतरवून ठेवणे सुरक्षित ठरते.

पर्यायी पद्धती

ईमॅक्समध्ये पूर्ववत क्रियेचीही बदल म्हणून नोंद होते. विम ७.० (२००६) पासून बदलांचा इतिहास वृक्षरूपात राखला जातो. त्यामुळे सोडून दिलेल्या शाखेकडे परतता येते. बहुतेक संपादकांत फाइल बंद करताच हा इतिहास पुसला जातो, विम ७.३ (२०१०) पासून तो फाइलमध्ये साठवण्याची सोय आहे.

१ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियावर लेखाची जतन केलेली प्रत्येक आवृत्ती इतिहासात राहते. तेथे नंतरचे बदल कायम ठेवून मधलाच एखादा बदल उलटवता येतो. मात्र दोन्ही बदल एकाच परिच्छेदात असल्यास ते परस्परांत अडकतात व दुरुस्ती बहुधा हातानेच करावी लागते.