मॅगझीन आधी की स्लाइड आधी? पिस्तूल साफ करण्यापूर्वीचं एक मिनिट

ज्यांना ऐकायला वेळ नाही, बसमध्ये उभं राहून वाचायचंय, त्यांच्यासाठी हा आजचा भाग लिहून काढलाय.

२०१८ च्या एशियन गेम्समध्ये कोल्हापूरच्या राही सरनोबतने २५ मीटर पिस्तूलमध्ये सुवर्णपदक जिंकलं, आठवतंय ना? त्या प्रकारात पॉइंट टू टूचं सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल वापरतात. म्हणजे ट्रिगर एकदा दाबला की एकच गोळी सुटते, पण पुढची गोळी आपोआप चेंबरमध्ये येऊन बसते. हा 'आपोआप' शब्द लक्षात ठेवा.

क्लबमधलं माझं पहिलंच वर्ष होतं. सराव संपला, पिस्तूल साफ करायचं होतं. घाईत मी आधी स्लाइड ओढून सोडली. एक गोळी टुणकन बाहेर पडली. मग मॅगझीन काढलं आणि म्हटलं, झालं रिकामं! सर मागेच उभे होते. म्हणाले, "परत ओढ बघू." ओढली, तर आणखी एक गोळी टेबलावर घरंगळली. माझे हातपाय गार पडले. कारण पुढच्याच क्षणी मी ट्रिगर दाबणार होतो.

झालं काय होतं? पहिली गोळी बाहेर आली खरी, पण मॅगझीन आतच होतं. स्लाइड पुढे येताना तिने दुसरी गोळी चेंबरमध्ये ढकलली. नंतर मॅगझीन काढून काय उपयोग? ती गोळी आतच राहिली.

म्हणून क्रम पाठ करा. नळी कायम सुरक्षित दिशेला आणि बोट ट्रिगरच्या बाहेर. आधी मॅगझीन काढायचं. मग स्लाइड मागे ओढून तिथेच अडकवायची. मग उजेडात चेंबरमध्ये डोळ्यांनी बघायचं, बोटाने चाचपायचं. मॅगझीनची जागासुद्धा बघायची. एकदा नजर दुसरीकडे फिरवून परत बघायचं, कारण घाईत आपल्याला जे बघायचं असतं तेच दिसतं. शेवटी सगळ्या गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवायच्या. सफाईच्या टेबलावर एकही नको.

आता सुटे भाग. इथे प्रत्येक मॉडेलची रीत वेगळी. ग्लॉकमध्ये स्लाइड काढण्यापूर्वी ट्रिगर दाबावाच लागतो. चेंबर तपासायचं राहिलं असेल तर गोळी तिथेच सुटते. बेरेटा ९२ मध्ये ट्रिगरला हात न लावता लिव्हर फिरवून स्लाइड निघते. पॉइंट टू टूच्या बऱ्याच पिस्तुलांमध्ये रिकाम्या चेंबरवर ट्रिगर दाबला तर फायरिंग पिन चेंबरच्या कडेवर आपटते आणि दोन्ही खराब होतात. त्यामुळे दुसऱ्याच मॉडेलचा व्हिडिओ बघून हात घालू नका. आपल्या पिस्तुलाचं मॅन्युअल उघडा आणि त्यात रोजच्या सफाईसाठी जेवढे भाग काढायला सांगितलेत तेवढेच काढा. स्प्रिंग दाबलेली असते, उडून डोळ्यात जाऊ शकते, म्हणून चष्मा लावा.

ब्रश जमेल तिथे चेंबरच्या बाजूने आत घाला. नळीचं पुढचं तोंड घासलं गेलं तर नेम बिघडतो. तेल अगदी थेंबभर पुरे. जास्त झालं तर त्यात काजळी चिकटते. नळी आणि चेंबर शेवटी कोरडे पुसून घ्या. आणि हो, या गोळ्यांमध्ये शिसं असतं. खिडकी उघडी ठेवा, हातमोजे घाला, टेबलावर चहा-वडापाव नको. काम झालं की साबणाने हात स्वच्छ धुवा.

पिस्तूल परत जोडलं की ते नीट चालतंय का हे मॅन्युअलप्रमाणे तपासा, तेही गोळ्यांशिवाय. मग कुलपात ठेवा. गोळ्या वेगळ्या कुलपात.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार आपल्याकडे लायसन्सशिवाय असं पिस्तूल बाळगणं गुन्हा आहे. शिकायचंय? रायफल क्लबमध्ये जा, प्रशिक्षकासमोर शिका.

त्या दिवशी सर ओरडले नाहीत. ती गोळी त्यांनी माझ्या तळहातावर ठेवली आणि एवढंच म्हणाले, "हिला विसरू नकोस." अजून विसरलो नाही. आजही मॅगझीन काढताना तोंडातल्या तोंडात म्हणतो, आधी मॅगझीन, मग स्लाइड, मग डोळे, मग बोट.

तुमच्या ग्रुपमध्ये कुणी नेमबाजी शिकत असेल, तर त्याला हा भाग नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!